बाकी : बारा पानी चित्रकथेच्या कामाच्या नोंदी

२ जून

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर मागच्या वेळेसारखं शेवटच्या आठवड्यात सगळं अंगावर येईल.

काम : दिवाळी अंकासाठी बारा पानांची चित्रकथा, काळीपांढरी. मुदत १० सप्टेंबर. गोष्ट माझीच. साल १९९४, कोल्हापुरातून गगनबावड्याच्या अंगाला जाणारी मुक्कामाची एसटी, पावसाळी रात्र. एक म्हातारी तिकिटाला नोट देते, कंडक्टरकडं सुटे नसतात, तो तिकिटामागं '४ रु. बाकी' असं लिहून देतो. म्हातारी अलीकडच्या वाडीवर उतरते आणि बाकी न घेताच निघून जाते. गाडी मुक्कामाला लागल्यावर कंडक्टर कंदील घेऊन मागं चालत जातो. बस्स. नाव 'बाकी'.

नमुन्याची दोन पानं बघून संपादकबाईंचा फोन आला होता. "गोष्ट घेतेय मी. पण तुमची माणसं ना, सगळी पासपोर्ट फोटोला बसल्यासारखी दिसतात. त्याचं काहीतरी करा."

राग आला. दुपारी जुनी पानं काढून बसलो, त्यांना चुकीचं ठरवायला. ४० चौकटी मोजल्या. ३३ चौकटींत चेहरा डावीकडं बघतोय, पाऊण वळलेला, छातीला कापलेला. हात खिशात, पाठीमागं किंवा चौकटीबाहेर. पावलं फक्त तीन ठिकाणी, त्यातली एक जोडी गवतात लपवलेली. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडं बघणारा चेहरा सोपा जातो, मनगट त्या वळणानं आपोआप फिरतं. म्हणजे माझी पात्रं कुठं बघणार ते गोष्ट ठरवत नव्हती, माझं मनगट ठरवत होतं.

बाईंना फोन केला नाही.

५ जून

सरांकडं गेलो. शाळेतले चित्रकलेचे सर, आता ७८ वर्षांचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला आमची अख्खी बॅच त्यांनी बसवली होती. पानं चष्म्याजवळ धरून बघितली आणि विचारलं, "ही एसटी फोटोवरून काढलीस?"

"हो सर."

"आणि हा माणूस?"

"तो मनानं."

"ते दिसतंयच."

मग म्हणाले, "तुझं वस्तुचित्र पहिल्यापासून चांगलं. मडकं, सफरचंद, घडी घातलेलं फडकं ठेवलं की तू बरोबर काढणार. पण स्मरणचित्राच्या पेपरात तू काय केलं होतंस आठवतंय? विषय भाजी मंडई होता. सगळी माणसं पाठमोरी काढलीस."

मला खरंच आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

"चित्रकथावाल्यासमोर मडकं कोण ठेवणार रे? एकच माणूस तुला पन्नास वेळा, पन्नास बाजूंनी काढायचाय आणि तो जगात कुठंच नाही. तुझं काम म्हणजे नुसतं स्मरणचित्र आहे."

हे असं कोणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षं डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करतोय. तिथं फोटो समोर असतोच. फोटो असला की माझा हात सुरेख चालतो, फोटो काढून घेतला की मी पाचवीतला पोरगा. मला वाटायचं सराव कमी पडतोय. सराव भरपूर होता, पण सगळा बघून उतरवण्याचा.

सरांनी पद्धत सांगितली. एक मिनिट बघायचं, हातात पेन्सिल घ्यायची नाही. मग पाठ करून बसायचं आणि काढायचं. पुन्हा वळून बघायचं आणि चुका लाल पेन्सिलीनं त्याच चित्रावर दुरुस्त करायच्या, खोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा, न बघता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचा मास्तर मुलांकडून असंच पाठांतर करून घ्यायचा म्हणे, शिल्पकार रोदँ त्याच्या हाताखाली शिकला. सर हे सांगताना आवाज बदलतात. मग काकूंनी चहा आणला.

९ जून

रंकाळा तलाव, सकाळी सहा ते आठ. संध्यामठाच्या बाजूला बसलो.

पहिला तास वाया. चालणारी माणसं मिनिटभर दिसतच नाहीत, येतात आणि जातात. वळून काढायला बसलो की डोक्यात 'माणूस चालतोय' एवढे दोन शब्द उरतात, चित्र उरत नाही. शब्दावरून काढलं की पुन्हा तोच जुना पुतळा उतरतो.

दुसऱ्या तासाला युक्ती बदलली. अख्खा माणूस सोडून दिला, एकच गोष्ट लक्षात ठेवायची : वजन कुठल्या पायावर आहे. मग फक्त खांद्याची रेष कुठं उतरते. मग फक्त पिशवी धरलेल्या हाताचं कोपर. एका माणसाकडून एकच गोष्ट उधार घ्यायची. असं केल्यावर सहा-सात बरी निघाली. भेळवाला मिश्रण हलवताना मनगट फिरवत नाही, अख्खा खांदा फिरवतो. हे मी चाळीस वर्षांत शेकडो वेळा बघितलं असेल आणि आज पहिल्यांदा दिसलं.

चित्रकार आबालाल रहिमान याच रंकाळ्यावर, कोटितीर्थावर आयुष्यभर काढत बसले. त्यांना निदान मोबाइलचा मोह नव्हता. मी आज चार वेळा फोटो घ्यायला हात खिशात घातला.

१४ जून

मध्यवर्ती बसस्थानक. एसटी पाठ करायची. बाहेरून गाडी म्हणजे एक पेटी, ती जमते. अडचण चाकाच्या कमानीची. पेटी वळली की चाकाचं वर्तुळ लंबगोल होतं आणि मी तो नेहमी उभाच काढतो, त्यामुळं गाडी पंक्चर झाल्यासारखी दिसते. लंबगोलाचा छोटा अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेत ठेवायचा. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण पंधरा चाकं चुकवून लाल केल्यावर हाताला कळलं.

तीन फलाट सोडून एक वाहतूक नियंत्रक बघत होते. शेवटी आले. "सर्वे हाय काय?" म्हटलं, नाही, चित्र काढतोय. वही बघितली. "हे लाल काय?" चुका. "बऱ्याच हायेत की." आणि गेले.

फायद्याची गोष्ट एका मेकॅनिककाकांनी सांगितली. माझ्या चित्रातल्या गाडीला मी एमएच ०९ नंबर टाकला होता, कोल्हापूर म्हणून. ते म्हणाले, "त्या काळात आपल्याकडं असल्या गाड्या एमएच १२ च असायच्या. बॉडी दापोडीला बांधायची, पासिंग पुण्याचं." लहानपणी मला वाटायचं की कोल्हापूर डेपोत पुण्याच्या गाड्या का उभ्या असतात. आज उत्तर मिळालं.

२३ जून

तालमीत जायला लागून आठवडा झाला. सकाळी साडेपाच.

हे मला आधी का सुचलं नाही कळत नाही. कोल्हापुरात राहून शरीरशास्त्र पुस्तकातून शिकत होतो. पैलवान बैठका मारतो तेव्हा तीच हालचाल दोनशे-तीनशे वेळा करतो. म्हणजे एक बैठक नीट बघायची, दुसरी होईपर्यंत कागदावर अर्धी काढायची, तिसरीत तपासायची. रंकाळ्यावरच्या माणसासारखं निघून जात नाही कोणी. जोर काढताना छाती खाली जाते तेव्हा खांद्याची पाती एकमेकांजवळ येतात, वर उठताना लांब सरकतात. पाठ म्हणजे मी आजपर्यंत काढत होतो तशी पाटी नाहीच, तिच्यात दोन झाकणं सरकतायत.

वस्तादांनी तिसऱ्या दिवशी हटकलं. "नुस्तंच बगत बसतोयस व्हय रं? धा जोर मार आदी, मग काड चित्र." मारले. सहाव्याला हात थरथरले. पण खोटं नाही सांगत, त्या दिवशीच्या चित्रांत वजन आलं. कुठं ताण पडतो ते माझ्याच दंडात दुखत होतं.

माझा कंडक्टर पैलवान नाही, किडकिडीत माणूस आहे. तरी उपयोग आहे. हलत्या गाडीत एक कुल्ला बाकाला टेकवून तोल सांभाळत उभा राहणारा माणूस आणि डाव टाकायच्या आधी पाय रोवणारा पोरगा, दोघांच्या कमरेचा पेच एकच.

३० जून

बारा पानांचे अंगठ्याएवढे आराखडे केले. ५८ चौकटी. त्यातल्या २१ चौकटी मी स्वतःला कसला तरी चकवा देण्यासाठी रचल्यात हे लगेच दिसलं : खिडकीच्या गजामागं हात, बाकामागं पाय, अंधारात चेहरा. खोडून पुन्हा बसलो. आता ६४ झाल्या. अवघड जागा चुकवल्या की चौकटी कमी लागतात, हा एक शोध.

७ जुलै

गाडीच्या आतलं यथादर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसण्याचा हिशेब. दोन दिवस यातच.

उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा धरली, तर सपाट जागेवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर येतात, जवळचा असो नाहीतर लांबचा. बसलेले सगळे रेषेखाली. मधल्या वाटेच्या कडा, तीन-दोनच्या बाकांचे माथे, वरचे दांडे, सगळं एका बिंदूकडं पळतं. एवढं पाळलं की गाडी भरली तरी गोंधळ होत नाही. यात अवघड काही नाही, फक्त आळस नको.

खरा प्रश्न निराळा होता : रेषा कोणाच्या डोळ्यांवर ठेवायची? आधी सगळ्या चौकटी कंडक्टरच्या उंचीवरून काढल्या होत्या. गाडी व्यवस्थित दिसत होती आणि म्हातारी कुठंच नव्हती, नुसता पदर. मग पान ३ आणि ४ तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणली. एकदम छत दिसायला लागलं, दिवा दिसला, कंडक्टर वरून वाकलेला, त्याच्या हातातली तिकिटांची पेटी तिच्या नाकासमोर. आणि पान १० वर, जिथं तो तिच्या घरी पोचतो, तिथं उलटं. ती सोप्यावर उभी, हा खाली अंगणात चिखलात. आता तो वर बघतोय. संवाद एक शब्दही बदलला नाही.

हे जमलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

१२ जुलै

हात.

पान ४, चौकट २ : कंडक्टर तिकीट फाडतो, पंच करतो, उलटं करून मागं बाकी लिहितो. मोठी चौकट, फक्त दोन हात आणि पेटी. सात वेळा काढली. सातव्या वेळचं समाधान वाटलं म्हणून आईला दाखवली. बाबा २६ वर्षं एसटीत कंडक्टर होते. जाऊन ९ वर्षं झाली.

आईनं चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "ह्यो काय कंडक्टर न्हाई. ह्यो कुणीतरी पेटी उसनी घेतलेला माणूस हाय."

मग स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे आणि सांडशी घेऊन आली. पेटी डेपोत जमा करायची असते, घरी कधीच नसायची. पण तिला सगळं पाठ. ट्रे डाव्या कोपरात घेऊन पोटाशी दाबला, तळव्यात नाही. "हात मोकळा पायजे. नोटा कुठं ठेवणार मग?" जुन्या पावत्या उभ्या घड्या घालून डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत खोवल्या, दहाच्या एका फटीत, पाचच्या एका, दोनच्या एका. सांडशी, म्हणजे पंच, उजव्या करंगळीत अडकवली, लोंबती. "पंच खाली ठेवायचा न्हाई. खाली ठेवला की गेला." अंगठा आणि तर्जनी मोकळी, त्यांनी तिकीट फाडायचं, मग हात तसाच गरकन वळवून पंच तळव्यात, कट्ट. पुन्हा करंगळीत. आणि चालता चालता दांड्यावर पंच टकटक वाजवायचा, झोपलेल्यांना जाग यावी म्हणून.

मी म्हटलं, पुन्हा कर. तिनं दहा-बारा वेळा केलं. मी वही उघडली नाही. सरांची पद्धत. मग आतल्या खोलीत जाऊन पाठमोरा बसून काढलं, बाहेर येऊन लाल केलं, पुन्हा आत. ती दारातूनच सांगत होती, "करंगळी वाकडी पायजे. त्यांची कायमचीच वाकडी झालती."

ते मला माहीत होतं. बाबांची करंगळी वाकडी होती हे माहीत होतं, कशानं ते माहीत नव्हतं.

चौकट झाली. आता त्यात चेहरा नाही तरी तो कंडक्टरच आहे.

२५ जुलै

चार दिवस काम बंद. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी, म्हणजे ३९ फूट, कधीच ओलांडली, मग धोक्याची ४३ सुद्धा. गगनबावडा रस्त्यावर पाणी, एसटी बंद. म्हणजे माझी गोष्ट जिथं घडते तिथं जाता येत नाही, कारण गोष्टीतल्यासारखाच पाऊस पडतोय. आमच्या पेठेत पाणी येत नाही, पण वीज येऊन-जाऊन.

नुकसान निराळंच झालं. शाईकामाला घेतलेला कागद ओल धरून बसला. वरून कोरडा वाटतो, पण शाईची रेष टेकवली की कडेनं केस फुटतात, कोळ्याच्या पायांसारखे. पान १ आणि २ गेली. चार दिवसांचं काम.

उपाय मेसवाल्या काकांनी सुचवला, पापडाच्या डब्याला ते करतात तसा. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवला, वरच्या कप्प्यात कागद, मध्ये अंतर भरपूर. एका वेळी एकच कागद बाहेर काढायचा आणि दोन तासांत परत आत. हाताखाली टिपकागद, कारण घामानंही तेच होतं. बल्ब मिळवायलाच तीन दुकानं फिरावी लागली, सगळीकडं एलईडी.

४ ऑगस्ट

अक्षरं. याची नोंद जरा सविस्तर, कारण पुढच्या वेळी विसरेन.

मी आजवर आधी चित्र काढायचो आणि मग उरलेल्या जागेत संवादाचा फुगा कोंबायचो. मराठीत हे चालत नाही. रोमन मोठी अक्षरं एका उंचीची, त्यांच्या ओळी विटांसारख्या रचता येतात. आपल्याकडं शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. वरच्या ओळीतल्या 'तू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या डोक्यात शिरतो. माझं अक्षर ४ मिलिमीटरचं, त्याला ओळीची उंची ९ तरी लागते. साडेसात करून बघितली, वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो. तीन ओळींचा फुगा म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर. चौकटीचा चौथा हिस्सा गेला.

म्हणून क्रम बदलला. आधी रिकाम्या चौकटीत अक्षरं लिहायची, मग फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं बसवायची. यानं दोन गोष्टी झाल्या. एक, संवाद निम्मे उडाले. "आज्जी, माझ्याकडं आत्ता सुटे पैसे नाहीत, मी तिकिटाच्या मागं लिहून देतो, उतरताना आठवणीनं घ्या" याचं "मागं लिवलंय आज्जी. उतरताना घ्या" झालं. आणि मग लक्षात आलं की हात दिसतायत, तिकीट दिसतंय, तर 'मागं लिवलंय' तरी कशाला? उरलं : "उतरताना घ्या." शि. द. फडणीसांनी तर शब्दच नको म्हणून हास्यचित्रं काढली आणि ती कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतात. आपल्याला निदान अर्धे शब्द कमी करायला काय हरकत आहे?

दोन, आवाज. आवाजांना फुगा लागत नाही, ते चित्राचेच. इथं शिरोरेषा एकदम कामाची वस्तू निघाली. पान ५ वर गाडी खड्ड्यांतून जाते, तिथं 'खडखडखड'ची शिरोरेषाच मी खड्ड्याखड्ड्यांची काढली, अक्षरं तिला लोंबकळतात आणि प्रत्येक खड्ड्याला एकेक 'ड' निसटतो. दारावरचा पाऊस 'टप' 'टप' सुटा सुटा, शिरोरेषेशिवाय. पत्र्यावरचा 'तडतडतड' सलग एका रेषेत. घंटीची दोरी ओढल्यावर 'टिंग टिंग', दोन टोले, म्हणजे चला. एक टोला म्हणजे थांबा. पहिल्या आराखड्यात म्हातारी उतरताना मी दोन टोले दिले होते. आई म्हणाली, "चालत्या गाडीतनं उतरवलीस व्हय तिला?"

सगळी अक्षरं हातानंच. तयार फाँट टाकून बघितला. दुकानात दिवसभर तेच करतो, तरी इथं तो निवडणुकीच्या पत्रकासारखा दिसला.

१८ ऑगस्ट

शाई चालू. छापील पान ७ बाय ९.५ इंच, मी दीडपट काढतोय, म्हणजे साडेदहा बाय सव्वाचौदा. दिवसाला अर्धं पान, दुकानातून आल्यावर साडेआठ ते बारा.

रात्र काढायची म्हणजे काळा भरायचा, हे समजायला मला पान ६ पर्यंत जावं लागलं. आधी आडव्या-उभ्या रेघोट्यांनी अंधार करत होतो. त्यानं राखाडी संध्याकाळ होते. आता पहिल्यांदा ठरवायचं, उजेड कुठून येतोय. कंदील एकच. त्याच्या बाजूला असेल तेवढंच काढायचं, बाकी सगळं ब्रशनं सपाट काळं. पाठ, छत्री, झाडं, रस्त्याचा उतार, सगळं एका काळ्यात मिसळू द्यायचं. भीती वाटते, इतकं मेहनतीनं शिकलेलं शरीर काळ्यात बुडवताना. पण बाह्यरेषा बरोबर असेल तर काळ्यातही माणूस उभा राहतो, आणि चुकीची असेल तर रेघोट्या मारूनही झाकत नाही. तालमीतल्या सकाळी इथं वसूल झाल्या.

पावसाचंही तसंच. तिरक्या रेषा मारल्या की पडद्यासारखं दिसतं. पाऊस हवेत काढायचा नाही, जिथं आपटतो तिथं काढायचा : छत्रीच्या कडा, कंदिलाची काच, डबक्यातली वर्तुळं, टोपीच्या टोकावरून गळणारा थेंब. हवेत फक्त कंदिलाच्या उजेडापुरता.

पान ७, ८ झाली.

२९ ऑगस्ट

मोठी चूक. पान ७ ची तिसरी चौकट स्कॅन केल्यावर वाटलं, गाडी उजवीकडून डावीकडं जातेय आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला आडवी येतेय. संगणकावर चौकट आडवी उलटवली. सुंदर दिसली. नंबर उलटा झाला तो नीट लिहून लावला. खूश होऊन आईला पान दाखवलं.

"डायवर हिकडं का बसलाय?"

ड्रायव्हर डावीकडं. दार उजवीकडं, रस्त्याच्या मधोमध उघडणारं. नंबर दुरुस्त केला, पण अख्खी गाडी उलटी झाली हे दिसलं नाही. तीन महिने एसटी पाठ करून मी परदेशातली गाडी काढली आणि नवल म्हणजे ती मला बरोबर वाटली. बटण दाबून केलेलं काम डोक्यातून जात नाही, हेच त्याचं कारण असणार. चौकट हातानं पुन्हा काढली, तीन तास.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आज फक्त पान १२ ची शेवटची चौकट. म्हातारीच्या हातात चार नाणी, तळहातावरच्या रेषांत पाणी. गल्लीत ढोल चालू असताना काढली, रेष जरा हलली, तशीच ठेवली.

१० सप्टेंबर

६०० डीपीआयला स्कॅन करून बारा पानं पाठवली. संपादकबाईंचं उत्तर चार तासांनी : "मिळालं. पान १० छान. आता यातल्या कोणाला पासपोर्ट मिळणार नाही."

३३ डावीकडं बघणाऱ्या चेहऱ्यांचं काय झालं म्हणून मोजलं. ६४ चौकटींत १९. पावलं २७ ठिकाणी.

२६ ऑक्टोबर

अंक आला. दीडपट काढलेलं छोटं होताना कंदिलाजवळच्या पावसाच्या बारीक रेषा पान ९ वर पार गेल्या. पुढच्या वेळी सर्वांत बारीक निब बाजूला ठेवायची. बाकी छपाई स्वच्छ, काळा घट्ट लागलाय.

आईनं पान ४ उघडून शेजारणीला दाखवलं, नुसती करंगळी.

संध्याकाळी सरांकडं एक अंक घेऊन गेलो. त्यांनी लाल पेन्सिल मागितली. छापून आलेल्या अंकावर! पान ८ वर एक टाच दुरुस्त केली, पान ११ वर म्हातारीचा कान खाली घेतला. मग पान ९ आणि १० मागंपुढं करत बराच वेळ थांबले.

"कंदील इथं उजव्या हातात आहे. इथं डाव्यात कसा आला?"

"पैसे काढायला हात बदलला सर त्यानं. पाकीट उजव्या खिशात आहे."

"हे तुला ठाऊक आहे. मला कोण सांगणार? हात बदलल्याची चौकट कुठाय?"

पान ९ च्या तळाला, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर, त्यांनी लाल पेन्सिलीनं एक लहानशी चौकट आखली आणि पेन्सिल माझ्याकडं दिली.